ब्रॅम्प्टनच्या बर्फावर : महिला आइस हॉकीची विश्व अजिंक्यपद स्पर्धा

४ एप्रिल २०२३, मंगळवार

दिल्लीहून टोरांटोचं विमान पंधरा तासांच्या आसपास आकाशात असतं. नागपूरच्या घरून निघताना ताईने पोळ्या, लसणाची चटणी आणि मेथीचे पराठे बांधून घेतले होते. विमानातलं जेवण तिने चाखून बाजूला ठेवलं आणि उतरायच्या आत डबा रिकामा केला. पिअर्सन विमानतळावर भाची, जावई आणि नऊ वर्षांची नात, तिघंही घ्यायला आले होते. ब्रॅम्प्टन तिथून जवळच.

गाडीत बसल्या बसल्या भाची म्हणाली, "मावशी, तू खरंच मॅच पाहायला आली का? आई तर सांगून राहिली होती, नायगारा पाहायला येतो म्हणून."

"नायगारा कुठं पळून जाते? तो तिथंच राहते. मॅच संपली का संपली," मी म्हटलं.

नागपुरात मी मुलींच्या शाळेत क्रीडाशिक्षिका आहे आणि मुलींना हॉकी शिकवते. आपली मैदानावरची हॉकी. बर्फावरची हॉकी आजवर टीव्हीवरच पाहिली होती, तीही हिवाळी ऑलिम्पिकच्या वेळी. महिलांची विश्व अजिंक्यपद स्पर्धा यंदा ब्रॅम्प्टनला, भाचीच्या घरापासून दहा मिनिटांवर आहे, हे कळलं आणि मी रजेचा अर्ज टाकला. ताईला लेकीकडे यायचंच होतं.

५ एप्रिल, बुधवार

सकाळपासून पाऊस आणि गडगडाट. टीव्हीवर मॉन्ट्रियल आणि ओटावाच्या बातम्या होत्या. तिकडे पडता पडता गोठणारा पाऊस झाला होता, झाडं मोडून तारांवर पडली होती आणि लाखो घरांची वीज गेली होती. संध्याकाळची मॅच होते की नाही, ही मला काळजी. जावई शांत होते. "मावशी, इथं हवामान पाहून कोणी हॉकी थांबवत नाही."

स्पर्धेचं ठिकाण सीएए सेंटर, सुमारे पाच हजार आसनांचं बंदिस्त स्टेडियम. आत शिरताच गारठा पायातून वर चढतो. रिंक साठ मीटर लांब आणि सव्वीस मीटर रुंद, आपल्या हॉकीच्या मैदानाच्या एक तृतीयांशापेक्षाही कमी. एवढ्याशा जागेत दोन्हीकडून सहा-सहा जणी, गोलकीपर धरून. चेंडूऐवजी पक म्हणजे घट्ट रबराची चकती, अडीच सेंटिमीटर जाड आणि वजनाला साधारण १७० ग्रॅम. ती बर्फावर उसळू नये म्हणून मॅचआधी गोठवून ठेवतात. वीस-वीस मिनिटांचे तीन पिरियड असतात, आणि मधल्या सुट्टीत झांबोनी नावाची गाडी बर्फ खरवडून वरून गरम पाणी पसरते. गरम पाणी का, ते नातीने मला समजावून सांगितलं : वरचा थर थोडा वितळतो, भेगांत मुरतो आणि सगळं एकसंध गोठून काचेसारखं होतं.

कॅनडाने स्वित्झर्लंडला ४-० हरवलं. माझी नजर मात्र गोलांपेक्षा बाकावर खिळली होती. चाळीस-पन्नास सेकंद झाले की खेळत असलेली पोरगी कडेला येते, कठड्यावरून आत उडी घेते, आणि त्याच क्षणी दुसरी बर्फावर उतरते. खेळ थांबत नाही. आपल्या हॉकीतही बदली खेळाडू कितीही वेळा उतरवता येतात, पण माझ्या मुलींना बाहेर बोलावलं की त्यांचा चेहरा पडतो. बाहेर काढलं म्हणजे आपण वाईट खेळलो, असं त्यांना वाटतं. इथे कर्णधार मारी-फिलिप पुलँसुद्धा मिनिटाच्या आत बाकावर येते, पाण्याचा घोट घेते आणि पुढच्या पाळीची वाट पाहते. २०१०, २०१४ आणि २०२२ अशा तीन ऑलिम्पिक फायनलमध्ये सुवर्ण मिळवून देणारा गोल हिचाच. ती बसते, तर कोणीही बसू शकते.

शेजारी एक सरदारजी आजोबा होते. तरुणपणी जालंधरला हॉकी खेळलेले. मी नागपूरची आणि हॉकी शिकवते म्हटल्यावर त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली आणि ऑफसाइडपासून सगळे नियम शुद्ध पंजाबीत समजावले. ब्रॅम्प्टनमध्ये पंजाबी माणूस पावलोपावली भेटतो. इथल्या पुरुषांच्या व्यावसायिक लीगचं समालोचन पंजाबीतही होतं, आणि आजोबा तेच ऐकत ही हॉकी शिकले. "पहले बच्चे देखते थे, अब मैं बच्चों को दिखाता हूँ," ते म्हणाले.

आमच्यापुढच्या दोन रांगा दहा-बारा वर्षांच्या पोरींनी भरल्या होत्या. अंगात आपापल्या क्लबच्या जर्सी, सोबत प्रशिक्षक आणि आईबाप. पक कोणाकडे आहे हे त्या ओरडून एकमेकींना सांगत होत्या, अमुक जणीने उजवीकडे द्यायला हवा होता यावर वाद घालत होत्या. मी रात्री वहीत लिहिलं ते त्यांच्याबद्दलच.

७ एप्रिल, शुक्रवार

गुड फ्रायडेची सुट्टी. कॅनडा-चेकिया मॅच आम्ही घरीच टीव्हीवर पाहिली, कॅनडाने ५-१ जिंकली. ताईने गोळाभात केला होता, वरून हिंग-मोहरीची फोडणी. भाचीने पंजाबी दुकानातून सांभार म्हणजे कोथिंबीर आणली होती आणि तिला 'धनिया' म्हटल्याबद्दल आईची बोलणी खाल्ली.

८ एप्रिल, शनिवार

आज जपान. निकाल कॅनडाच्या बाजूने ५-० लागला, तरी आजवरच्या मॅचमध्ये मला सगळ्यात जास्त शिकवलं ते जपानच्या पोरींनी. त्यांच्या संघाला 'स्माइल जपान' म्हणतात. कॅनडाच्या खेळाडूंपुढे त्या अंगाने लहान दिसतात, धक्क्याला टिकणार नाहीत असं वाटतं. पण पास छोटे, जमिनीलगत आणि कधीच उभ्या माणसाला नाही. पास जातो तिथे त्यांची पोरगी येऊन पोचलेली असते. आपली जुनी भारतीय हॉकी ज्यासाठी ओळखली जायची, तेच मला या बर्फावर दिसलं. चार गोलांनी मागे असतानाही त्यांची रचना मोडली नाही. मॅच संपल्यावर त्या रांगेत उभ्या राहिल्या, प्रेक्षकांकडे वळून वाकल्या आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. यात कॅनडाची लाल जर्सी घातलेले लोक जास्त होते.

या स्पर्धेत दहा संघ. ताकदीने वरचे पाच 'अ' गटात, उरलेले पाच 'ब' गटात. 'अ' गटातले पाचही उपांत्यपूर्व फेरीत जातात आणि 'ब'मधले तीन. आधी मला हा अन्याय वाटला. पण जुन्या काळी मोठे संघ लहान संघांवर दहा-पंधरा गोल चढवायचे, त्यातून कोणाचंच भलं होत नव्हतं. आता हंगेरी फ्रान्सशी खेळते, जर्मनी स्वीडनशी, आणि त्या मॅच चुरशीच्या होतात. आपल्या जिल्हा स्पर्धेत पहिल्याच फेरीत वीस गोल खाऊन घरी जाणारी तालुक्याची पोरगी पुढच्या वर्षी स्टिक हातात धरत नाही, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे. गट पाडण्याचा हा विचार जिल्ह्याच्या बैठकीत मांडायचा आहे.

९ एप्रिल, रविवार

नायगारा. ताई खूश. मीही, खोटं का बोलू.

१० एप्रिल, सोमवार

कॅनडा विरुद्ध अमेरिका. या मॅचसाठी भाचीने महिनाभर आधी तिकिटं काढून ठेवली होती.

महिलांची पहिली विश्व अजिंक्यपद स्पर्धा १९९० साली ओटावाला झाली. तेव्हा कॅनडाच्या संघाला गुलाबी जर्सी घालून उतरवलं होतं, लोकांचं लक्ष जावं म्हणून. फायनलमध्ये त्यांनी अमेरिकेला ५-२ हरवलं. तेव्हापासून सुवर्णपदक कॅनडाकडे नाहीतर अमेरिकेकडे, तिसऱ्या कोणाकडे गेलेलंच नाही. म्हणून साखळीतली ही मॅचही फायनलसारखी खेळली जाते.

साठ मिनिटांनंतर ३-३. जादा वेळेत दोन्ही बाजूंच्या तीन-तीनच खेळाडू बर्फावर असतात. मैदान एकदम मोठं वाटायला लागतं आणि एक चुकलेला पास थेट गोलकीपरपुढे जाऊन पडतो. तरीही गोल झाला नाही. मग शूटआउट, म्हणजे एकेकीने पक घेऊन एकटीनं गोलकीपरवर जायचं. पहिल्या फैरीत निकाल लागला नाही, पुढेही लांबत गेलं, आणि शेवटी जेमी ली रॅट्रेने कॅनडाला ४-३ जिंकून दिलं. ताईला नियम कळत नव्हते, पण तीही रांगेतल्या सगळ्यांबरोबर उभी राहून ओरडत होती.

परत येताना गाडीत नागपूरजवळच्या जामठ्याच्या क्रिकेट स्टेडियमचा विषय निघाला. फेब्रुवारीत भारत-ऑस्ट्रेलिया कसोटीसाठी वर्धा रोडवर जी गर्दी झाली होती ती जावयांनी फोनवरच्या व्हिडिओत पाहिली होती. कसोटी तीन दिवसांत संपली तरी लोक डबे घेऊन येतच होते. मार्चमध्ये मुंबईला महिलांची क्रिकेट लीग पहिल्यांदा झाली, तिथेही स्टेडियम भरलं. म्हणजे आपल्याकडे माणसं येत नाहीत असं नाही. सिव्हिल लाइन्समध्ये विदर्भ हॉकी असोसिएशनच्या मैदानावर मात्र माझ्या मुली खेळतात तेव्हा कडेला कोण असतं? दोन-तीन आया, प्रतिस्पर्धी शाळेच्या बाई आणि पाण्याची कॅन सांभाळणारा शिपाई. मुलींचे वडील कामावर असतात, कारण मॅच मंगळवारी सकाळी साडेसातला ठेवलेली असते.

ही वेळ कोण ठरवतं? आम्हीच. मैदान सकाळी मोकळं मिळतं, पंच मिळतात, ऊन नसतं. कोणी पाहायला येईल, हा विचार वेळापत्रकात कधी नसतोच. पुढच्या रांगेतल्या त्या पोरींना इतक्या लहान वयात खेळ एवढा का कळतो, याचं उत्तर इथेच आहे. त्या खेळतात तितक्याच पाहतात, आणि त्या खेळतात तेव्हा त्यांनाही कोणी पाहत असतं.

१३ एप्रिल, गुरुवार

मधले दोन दिवस घरीच गेले. आज हवा एकदम तापली, लोक अर्ध्या बाह्यांवर फिरत होते. आम्हाला सुखाचं वाटलं.

उपांत्यपूर्व फेरीत कॅनडासमोर स्वीडन. सगळे मानून चालले होते की ही औपचारिकता आहे. स्वीडनने मात्र बचावाची भिंत उभी केली, आणि शेवटची काही सेकंदं उरली असताना गोलकीपरला बाहेर बोलावून सहावी खेळाडू पुढे घातली. आपला गोल उघडा टाकून. आणि बरोबरी साधली! स्टेडियममध्ये एकदम शांतता, फक्त एका कोपऱ्यातून पिवळ्या जर्सीवाल्यांचा आरडाओरडा. जादा वेळेत सारा नर्सने गोल करून कॅनडाला ३-२ ने वाचवलं. नर्सने २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये गोल आणि गोलला दिलेले पास मिळून १८ गुण मिळवले होते, तो महिलांच्या आइस हॉकीत एका ऑलिम्पिकमधला विक्रम आहे.

सरदारजी आजोबा आज पुन्हा भेटले. मॅच संपल्यावर त्यांचे हात थरथरत होते. "बेटा, स्वीडन को देखा? डरे नहीं," एवढंच म्हणाले.

१४ एप्रिल, शुक्रवार

आज सामने नाहीत. बाबासाहेबांची जयंती. आमच्या शाळेतल्या एका सहकारी बाईंशी व्हिडिओ कॉल झाला. मध्यरात्री त्या संविधान चौकात होत्या, नंतर दीक्षाभूमीवर गेल्या. मागे ढोल, निळे झेंडे, लहान पोरं खांद्यावर. १९४२ च्या जुलैत नागपुरातच दलित महिलांची परिषद भरली होती आणि हजारोंनी बाया आल्या होत्या. समाजाची प्रगती मी बायकांच्या प्रगतीवरून मोजतो, असं बाबासाहेबांनी तिथेच सांगितलं. बाई दरवर्षी आजच्या दिवशी मुलींना ही गोष्ट सांगतात. यंदा मला फोनवर सांगितली.

दुपारी टोरांटोला हॉकी हॉल ऑफ फेम पाहिलं. १८८५ च्या सुमाराच्या जुन्या बँकेच्या इमारतीत ते आहे. उंच छत, वर रंगीत काचांचा घुमट, आणि खाली भिंतींवर सन्मानित खेळाडूंचे काचेवर कोरलेले चेहरे. पुरुषच पुरुष. महिलांना इथे जागा मिळाली ती २०१० साली, अमेरिकेची कॅमी ग्रॅनाटो आणि कॅनडाची अँजेला जेम्स यांच्या रूपाने.

अँजेला जेम्सच्या काचेपुढे मी बराच वेळ उभी होते. टोरांटोच्या फ्लेमिंग्डन पार्क या गरीब वस्तीत वाढलेली कृष्णवर्णीय मुलगी, घरात आई एकटी कमावती. लहानपणी मुलांच्या संघात खेळली, कारण मुलींचे संघच नव्हते. १९९० च्या त्या पहिल्या विश्व अजिंक्यपद स्पर्धेत तिने पाच सामन्यांत ११ गोल केले. आणि १९९८ साली नागानोला महिलांची आइस हॉकी ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा आली, तेव्हा तिला संघातून वगळलं. ती ऑलिम्पिक कधीच खेळली नाही. आज तिच्या वस्तीतल्या रिंकला तिचं नाव आहे. सकाळी फोनवर ऐकलेले ढोल कानात होते, त्यामुळे असेल, ते सगळं वाचताना मला भरून आलं.

कॅनडाची नामवंत खेळाडू हेली विकेनहायझरही तिथे आहे. ती २०१८ च्या जानेवारीत लडाखला आली होती, आपल्या मुलींसोबत खेळायला. भारताच्या महिला आइस हॉकी संघात लडाखच्याच मुली प्रामुख्याने असतात. गोठलेल्या तळ्यांवर हिवाळ्याचे दोन-अडीच महिने सराव मिळतो, तेवढाच. हा संघ २०१६ साली तैपेईला पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धा खेळला, सगळ्या मॅच हरला, आणि पुढच्या वर्षी बँकॉकला फिलिपिन्सला ४-३ हरवून पहिला विजय मिळवला. २०१८ च्या नोव्हेंबरात विकेनहायझरने त्यांना कॅल्गरीला बोलावून घेतलं. नात हे ऐकून चकित झाली. "इंडियाची पण टीम आहे? मग आपण त्यांची मॅच कुठं बघू शकतो?" तिचा प्रश्न अगदी साधा होता.

१५ एप्रिल, शनिवार

उपांत्य सामने एकतर्फी झाले. कॅनडाने स्वित्झर्लंडला ५-१ आणि अमेरिकेने चेकियाला ९-१ हरवलं.

१६ एप्रिल, रविवार

आधी कांस्यपदकाची मॅच. कालच नऊ गोल खाल्लेल्या चेकियाच्या मुली आज स्वित्झर्लंडपुढे उभ्या राहिल्या आणि जादा वेळेत ३-२ जिंकल्या. सलग दुसऱ्या वर्षी कांस्य. शेवटचा गोल झाला तशी सगळ्या जणी एकमेकींवर पडून ढीग झाला, कोणाचं हेल्मेट कुठे, हातमोजे कुठे. एका रात्रीत ९-१ विसरून असं खेळायला त्यांच्या प्रशिक्षकाने काय सांगितलं असेल, हे मला विचारायला आवडलं असतं.

मग फायनल. कॅनडा मागच्या दोन्ही विश्व स्पर्धा आणि ऑलिम्पिक जिंकून आलेला, अमेरिकेचं शेवटचं विश्वविजेतेपद २०१९ चं. आवाज इतका, की नातीशी बोलायला तिच्या कानाशी वाकावं लागत होतं. ब्रिआन जेनरने कॅनडासाठी दोन गोल केले, पुलँने एक. तिसऱ्या पिरियडमध्ये ३-३. घड्याळात चारेक मिनिटं उरली आणि कॅनडाच्या खेळाडूंना शिक्षा झाली. आइस हॉकीत नियम मोडला की दोन मिनिटं बाहेर पेटीत बसायचं, आणि संघाने तेवढ्या कमी खेळाडूंनिशी खेळायचं. समोरच्यांसाठी तो पॉवर प्ले.

अमेरिकेची कर्णधार हिलरी नाइट. ती २००७ पासून ही स्पर्धा खेळते आहे. पॉवर प्लेमध्ये ती कुठे उभी राहते ते मी पाहत होते : गर्दीपासून थोडी दूर, स्टिक आधीच उचललेली. पास आला आणि पक आत. लोक बसायच्या आत पुन्हा एक पॉवर प्ले, पुन्हा नाइट. अर्ध्या मिनिटाच्या आत दोन गोल आणि तिची हॅटट्रिक. कॅनडाने गोलकीपर बाहेर काढून शेवटचा प्रयत्न केला, तर केला बार्न्सने रिकाम्या गोलात पक सारला. ६-३.

भोवतालचे सगळे लाल जर्सीवाले गप्प झाले होते. पण उठून कोणी गेलं नाही. पदकं गळ्यात घालेपर्यंत, अमेरिकेचं राष्ट्रगीत संपेपर्यंत लोक उभे होते. कॅनडाच्या पोरी डोळे पुसत निळ्या रेषेवर उभ्या होत्या, आणि वरून लहान मुली त्यांची नावं घेऊन हाका मारत होत्या. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू ठरली ती कॅनडाचीच सारा फिलिअर, इथून जवळच्या जॉर्जटाउनची. तिचं नाव पुकारलं तेव्हा आमच्या मागे एक बाई शेजारणीला सांगत होती, ही पोरगी आमच्या रिंकवर खेळायची.

१७ एप्रिल, सोमवार

संध्याकाळी नातीच्या सरावाला गेले. साधं नगरपालिकेचं रिंक. बाकावर बसून बाप लोक पोरींच्या स्केटच्या नाड्या आवळत होते. नातीची प्रशिक्षिका पंचविशीची असेल. मी विचारलं, मुली मध्येच बाहेर यायला कुरकुर करत नाहीत का? ती म्हणाली, सुरुवातीला करतात. म्हणून ती शिट्टी वाजवत नाही, ज्या मुलीला दमल्यासारखं वाटेल तिने स्वतः येऊन बाकावरच्या मैत्रिणीला टाळी द्यायची. टाळी दिली की मैत्रीण आत. तिने फळ्यावर आकृती काढून दाखवली, मी फोटो घेतला.

घरी येऊन नागपूरला फोन लावला, तिथे सकाळ झाली होती. उन्हाळी शिबिराचा समारोप आणि मुलींची फायनल माझ्या सहकारी बाई बुधवारी सकाळी सातला लावून बसल्या होत्या. मी म्हटलं, रविवारी संध्याकाळी सहाला घ्या. त्यांनी आधी पंचांचं कारण सांगितलं, मग उन्हाचं. सहाला ऊन उतरलेलं असतं, पंचांशी मी बोलते म्हटलं. प्रत्येक मुलीच्या घरी चिठ्ठी पाठवायची, त्यात मुलीचं नाव आणि ती कोणत्या जागेवर खेळते ते लिहायचं, हेही ठरलं.

"आणि बसायचं काय? पायऱ्या तापलेल्या राहतात," त्या म्हणाल्या.

"बिछायत केंद्रातून खुर्च्या बोलवा."

"किती सांगू?"

"दोनशे सांगा," मी म्हटलं.